खालिद जमील: क्लबला जमलं ते राष्ट्रीय संघाला का जमत नाही?

मैदानाबाहेरचा

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात आपण, म्हणजे भारताचा फुटबॉल संघ, बांगलादेशकडून ०-१ हरलो. २००३ नंतर पहिल्यांदाच. तेव्हापासून दोनच सूर कानावर येतायत. एक म्हणजे प्रशिक्षक खालिद हा क्लबचा माणूस, राष्ट्रीय संघ त्याच्या आवाक्यातला नाही. दुसरा म्हणजे साक्षात देव आणून बसवला तरी भारतीय फुटबॉलचं काही होणार नाही. दोन्हींत माहिती कमी, वैताग जास्त.

जाणकारांकडून मला हे हवंय: ऐझॉल, नॉर्थईस्ट, जमशेदपूर या क्लबांत त्याने नेमकं काय केलं जे चाललं? तेच राष्ट्रीय संघात कुठे अडतंय? "वेळ मिळत नाही" असं सगळे म्हणतात, पण किती वेळ मिळतो हे कुणी मोजून सांगत नाही. आणि खेळाडू असलेला माणूस या खुर्चीपर्यंत पोचतो तो कुठल्या कुठल्या पायऱ्या चढून, तेही कळलं तर बरं.

कृपया "आयएफए (बंगालची फुटबॉल संघटना) विरुद्ध महासंघ (एआयएफएफ)" किंवा "क्रिकेटने सगळं खाल्लं" इकडे धागा नेऊ नका.

---

कूपरेज_गेट

आधी कारकीर्द बघू, कारण अर्धं उत्तर तिथेच सापडतं.

जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आखाती युद्धानंतर भारतात. खेळायचा मधल्या फळीत. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्र आणि शेवटी मुंबई एफसी. म्हणजे क्लब कारकीर्द जवळपास सगळी मुंबईच्या मैदानांवर. भारताकडूनही खेळला. डेरिक परेरांच्या महिंद्रने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा तो त्याच क्लबात होता, पण दुखापतींनी शेवटची वर्षं खाल्ली. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिशीत, ज्या मुंबई एफसीकडून खेळत होता त्याच संघाचा प्रशिक्षक झाला.

तिथे सात वर्षं टिकला. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये एका जागी सात वर्षं म्हणजे पेन्शन घेण्याइतकी नोकरी. करंडक एकही नाही. कूपरेजचं (मुंबईचं फुटबॉल मैदान) काम चालू असताना तर मुंबईचा संघ "घरचे" सामने पुण्याला बालेवाडीत खेळायचा, हेही लक्षात घ्या. त्याचं काम एकच होतं, संघ खालच्या श्रेणीत जाऊ द्यायचा नाही. ते त्याने दरवर्षी केलं. २०१६ मध्ये तो गेला आणि लगेचच्या २०१६-१७च्या हंगामात मुंबई एफसी आय-लीगमध्ये (तेव्हाची देशाची अव्वल लीग) तळाला जाऊन खाली घसरली. त्याच हंगामात खालिदने ऐझॉलला विजेतं केलं. यापेक्षा स्वच्छ तुलना मिळणं कठीण.

ऐझॉलबद्दल लोक "चमत्कार" म्हणून थांबतात, तो शब्द जरा बाजूला ठेवू. हा संघ आदल्या वर्षी घसरलेला होता. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून जागा रिकामी झाली आणि यांना परत घेतलं. खालिदने मुंबईच्या फुटबॉलमधली ओळखीची पोरं उचलली: जयेश राणे, आशुतोष मेहता. गोलमध्ये गोव्याचा आल्बिनो गोम्स. मधे सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान. बाकी मिझो पोरं, जी पळायला कधी दमत नाहीत. घरचं मैदान डोंगरात, हजार मीटरच्या वर, शिवाय कृत्रिम गवत. पाहुण्या संघाला चेंडूची उसळी समजेपर्यंत अर्धा तास जायचा.

१८ सामन्यांत ११ विजय, ४ बरोबऱ्या, ३ पराभव. ३७ गुण. मोहन बागान ३६. २२ एप्रिल २०१७ ला घरच्या मैदानावर बागानला १-० हरवलं, झोहमिंगलियाना राल्टेचा ८३व्या मिनिटाचा हेडर. शेवटच्या दिवशी शिलाँगला लाजाँगविरुद्ध बरोबरी पुरे होती. नवव्या मिनिटालाच लाजाँगच्या डिकाने गोल घातला. मग ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने फेडला, १-१. अकरा विजयांतले बरेच एका गोलाच्या फरकाचे. हा संघ समोरच्याला तुडवत नव्हता. सामना लहान करत होता, आणि लहान झालेल्या सामन्यात एक संधी साधत होता.

आता याच्या उलट बाजू. २०१७-१८ला ईस्ट बंगाल, चौथा क्रमांक. जानेवारी २०१९ला अर्ध्या हंगामात मोहन बागान, तिथेही फार काळ नाही. कोलकात्याच्या मोठ्या क्लबांत मामला उलटा होतो: समोरचा संघ दहा जण मागे घेऊन बसतो आणि फोडायचं काम तुमच्याकडे येतं. तिथे त्याची जादू चालली नाही. ही खूणगाठ बांधून ठेवा, पुढे लागेल.

नॉर्थईस्टला तर दोन्ही चेहरे एकाच क्लबात दिसले. जानेवारी २०२१ मध्ये प्रशिक्षक जेरार्ड नूसला काढलं तेव्हा ११ सामन्यांत १२ गुण होते. खालिद हंगामी मुख्य प्रशिक्षक झाला आणि उरलेल्या नऊ लीग सामन्यांत एकही हरला नाही: ६ विजय, ३ बरोबऱ्या. ३३ गुण, तिसरा क्रमांक. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, आताची अव्वल लीग) संघाला प्ले-ऑफपर्यंत नेणारा पहिला भारतीय प्रशिक्षक. उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानकडून हरले. मग त्याला कायम केलं, आणि २०२१-२२ला संघ अकरांत दहावा.

जमशेदपूरला डिसेंबर २०२३ मध्ये आला. २०२४-२५चा हंगाम पाहा: २४ सामने, १२ विजय, २ बरोबऱ्या, १० पराभव, पाचवा क्रमांक. गंमत म्हणजे गोलफरक उणे होता! हरले की मोठे हरायचे, जिंकले की जेमतेम जिंकायचे. तरी प्ले-ऑफमध्ये नॉर्थईस्टला काढलं, उपांत्य फेरीचा पहिला लेग बागानला हरवून जिंकला, दुसऱ्यात गेले. सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाकडून ०-३. महासंघाचा वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक हा पुरस्कार लागोपाठ दोनदा.

---

सेकंडबॉल

कूपरेज_गेट यांनी पाया घातलाय, मी फळ्यावरचं सांगतो.

खालिदचा संघ चेंडू नसताना ४-४-२ मध्ये (चार बचावात, चार मधे, दोन पुढे) उभा राहतो. दोन फळ्यांमधलं अंतर दहा-बारा मीटर, आणि ती दोरी नव्वद मिनिटं ताणलेली. मधून जाऊच द्यायचं नाही. समोरच्याने कडेला जावं, तिथून क्रॉस मारावा, आणि आतल्या उंच सेंटरबॅकनी (मधले बचावपटू) तो डोक्याने काढावा. चेंडू मिळाला की तीन-चार पासांत पुढे. लांब चेंडू, तो पडतो तिथे दोन माणसं आधीच धावत असतात. माझ्या नावातला सेकंड बॉल तो हाच.

दुसरं हत्यार लांब थ्रो (थ्रो-इन). यावर लोक हसतात. हसू नका, हिशोब बघा. मैदान ६८ मीटर रुंद असलं तर साइडलाइनपासून गोलच्या जवळच्या खांबापर्यंत सुमारे ३० मीटर. सहा यार्डाच्या चौकटीच्या कडेपर्यंत सुमारे २५. म्हणजे २५ ते ३० मीटर सपाट फेकणारा एक माणूस असला की पेनल्टी चौकटीच्या रेषेतला प्रत्येक थ्रो हा कॉर्नर झाला. कॉर्नरसारखाच थ्रो-इनवरूनही थेट ऑफसाइड नसतो. गोलरक्षकाच्या पुढ्यात माणूस उभा करा, पंच काही म्हणू शकत नाही, फक्त त्याला अडवायचं नाही.

मांडणी साधारण अशी असते. जवळच्या खांबासमोर सर्वांत उंच माणूस, त्याचं काम गोल करणं नाही, चेंडूला डोकं लावून मागे सरकवणं. त्याच्या मागे दोघे, एक मधे, एक दूरच्या खांबाला, आणि ते चेंडू हातातून सुटल्यावरच धावतात, आधी नाही. एक जण गोलरक्षकाजवळ. दोघे चौकटीच्या बाहेर, बाहेर पडलेल्या चेंडूवर. दोघे मध्यरेषेजवळ, काउंटर (प्रतिहल्ला) रोखायला. फेकणाऱ्याला धाव घ्यायला चार-पाच मीटर जागा लागते. जाहिरातींचे फलक रेषेला चिकटून असले की तिथेच गाडी अडते. चेंडू ओला असला की पकड सुटते, म्हणून टॉवेल. आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे थ्रो उंच जाणं. तरंगत आलेला चेंडू गोलरक्षक आरामात वेचतो. तो डोक्याच्या उंचीवर, जोरात यायला हवा.

खालिदचा भारतासाठी पहिला सामना आठवा. २९ ऑगस्ट २०२५, हिसोर, ताजिकिस्तान. पाचव्या मिनिटाला मोहम्मद उवैसचा लांब थ्रो, अन्वर अलीचं डोकं, गोल. तेराव्या मिनिटाला झिंगनचा, तोही गोलतोंडाच्या गर्दीतूनच. पुढे गुरप्रीतने पेनल्टी अडवली, २-१. उवैस आधी जमशेदपूरला खालिदच्याच हाताखाली खेळलेला, म्हणजे हे हत्यार तयार मिळालं होतं. शिबिरात नव्याने शिकवावं लागलं नाही.

आता अडचण. ऑगस्ट ते नोव्हेंबर सात सामने, पाच गोल. दोन वर सांगितले. उदांताचा ओमानविरुद्धचा. रहीम अलीचा सिंगापूरमध्ये ९०व्या मिनिटाला, तो समोरच्या बचावाने दिलेला प्रसाद. आणि छांगतेचा फातोर्ड्यात (गोवा) सिंगापूरविरुद्ध, लांबून मारलेला. मागे बसलेल्या बचावाला पासांनी उलगडून केलेला गोल यात शोधून दाखवा.

आणि कोण मागे बसलं? अफगाणिस्तान, ०-०. बांगलादेश, ११व्या मिनिटाला मोरसालिनच्या काउंटरवर पुढे गेल्यानंतर. म्हणजे ईस्ट बंगालचीच गोष्ट पुन्हा. याची पद्धत कमजोर संघाला बलाढ्य संघासमोर उभं करते. इराणविरुद्ध ०-३ झालं, पण ओमान क्रमवारीत ७९वा, आपण १३३वे, आणि तिथे १-१ नंतर पेनल्टीवर ३-२ जिंकलो. ओमानला आपण कधीच हरवलं नव्हतं. आशिया कप पात्रतेच्या गटात मात्र हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश असे आपल्याच उंचीचे शेजारी. तिथे सामना लहान करून चालत नाही, कुणीतरी तो मोठा करावा लागतो.

---

आकडेमोड

सेकंडबॉल, मुद्दा मान्य, पण थोडा अन्याय होतोय. हा गट खालिदच्या हातात आला तेव्हाच तापलेला होता. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-०, जूनमध्ये हाँगकाँगमध्ये ०-१. दोन्ही आधीचे प्रशिक्षक मानोलो मार्केझच्या काळातले. गटात फक्त पहिला संघ जाणार. म्हणजे खालिदला चार सामन्यांत जवळजवळ सगळे जिंकणं भाग होतं, आणि त्यातले दोन सिंगापूरशी पाच दिवसांच्या अंतराने.

सिंगापूरमधल्या सामन्यात ४७व्या मिनिटाला झिंगनला दुसरं पिवळं कार्ड. दहा जणांनी १-१ काढली, ठीक. पण त्याची किंमत पुढच्या सामन्यात मोजली. फातोर्ड्याला झिंगन निलंबित. छांगतेने १४व्या मिनिटाला पुढे नेलं, सोंग उइ-याँगने ४४ आणि ५८व्या मिनिटाला दोन घातले. स्पर्धेबाहेर. ज्या पद्धतीत सेंटरबॅकने हवेतला प्रत्येक चेंडू काढायचा असतो, तिथे मुख्य सेंटरबॅकच गेला तर छप्पर गळणारच.

---

फातोर्डा_उत्तर

गोव्याकडून थोडं. "१३ वर्षांनी भारतीय प्रशिक्षक" असं सगळीकडे छापून आलं, पण आधीचे कोण ते फार कुणी सांगितलं नाही.

२०११ मध्ये प्रशिक्षक बॉब हाउटन गेले तेव्हा आर्मांदो कुलासो यांना आणलं. डेंपोला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे. क्लबच्या यशावर राष्ट्रीय खुर्ची मिळण्याचं खालिदच्या आधीचं ठळक उदाहरण हेच. विश्वचषक पात्रतेत यूएईविरुद्ध पहिल्याच लेगमध्ये दोन लाल कार्डं, ०-३. परतीच्या लेगमध्ये दिल्लीत २-२. त्याच वर्षी ऑक्टोबरात बदल.

मग सावियो मदेरा. साळगावकरचे मिडफिल्डर, भारताकडून खेळलेले. डिसेंबर २०११ मध्ये दिल्लीत सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला ४-०. तीन महिन्यांनी काठमांडूला एएफसी चॅलेंज कपमध्ये तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही. संपलं. त्यानंतर कूवरमान्स, कॉन्स्टन्टाइन, स्टिमॅक, मार्केझ, सगळे परदेशी.

या दोघांना मिळून वर्षभराचाही काळ मिळाला नाही. खालिदशी करार दोन वर्षांचा, पुढे एक वर्ष वाढवण्याची सोय ठेवून, आणि पूर्णवेळ. मार्केझ तर एफसी गोवा आणि भारत अशा दोन होड्यांत पाय ठेवून होते. निदान ही एक गोष्ट यावेळी बरी झालीय.

जाता जाता, खेळाडू म्हणून मोठा असणं आणि प्रशिक्षक म्हणून मोठा असणं यांचा थेट संबंध फार नाही. विश्वचषक खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी जिंकणारे तिघेच: झागालो, बेकेनबाउअर, देशाँ. त्यातला देशाँसुद्धा मधल्या फळीत पाणी भरणारा म्हणूनच ओळखला जायचा.

---

मैदानाबाहेरचा

बढिया. आता तो वेळेचा हिशोब कुणी मांडेल का? आणि लायसन्सचं?

---

सेकंडबॉल

वेळेचं मी घेतो.

मोठ्या अंतिम स्पर्धा सोडल्या तर क्लबांना खेळाडू सोडणं बंधनकारक असतं ते फक्त फिफाच्या खिडकीत, म्हणजे राष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या तारखांत. ती सहसा नऊ दिवसांची, सोमवार ते पुढच्या आठवड्याचा मंगळवार, दोन सामने. ६ ते १४ ऑक्टोबर २०२५ ची खिडकीच घ्या, पहिला सामना गुरुवारी ९ला, दुसरा मंगळवारी १४ला.

समजा खेळाडू रविवारी क्लबसाठी खेळलाय. सोमवारी येतो, हलकं जॉगिंग, मसाज. पायांतला शीण उतरायला ४८ ते ७२ तास लागतात, त्यामुळे मंगळवारीही पूर्ण जोराचं काम देता येत नाही. तरी मंगळवारचं सत्र हेच पहिलं खरं सत्र. बुधवारी सामन्याची पूर्वसंध्या: पन्नास मिनिटं, सेट पीसची (थांबलेल्या चेंडूवरचे डाव) उजळणी, बस. गुरुवारी सामना. शुक्रवारी खेळलेले अकरा जण विश्रांतीत, न खेळलेल्यांना पळवायचं. शनिवारी प्रवास. रविवारी दुसरं खरं सत्र. सोमवारी पुन्हा पूर्वसंध्या. मंगळवारी सामना.

म्हणजे नऊ दिवसांत अकराच्या अकरा जणांना घेऊन नवं काही शिकवण्याची सत्रं दोन. नीट ऐका, दोन. क्लबात आठवड्याला चार-पाच मिळतात.

आता यात काय शिकवता येतं ते बघा. बचावाची रचना, कोण कुठे उभा राहील, हे दोन सत्रांत बसतं, कारण ते चेंडूच्या जागेवर ठरतं आणि आरडाओरडा करून सुधारता येतं. थ्रो आणि कॉर्नरही बसतात, कारण चेंडू थांबलेला असतो. पण मागे बसलेल्या संघाला फोडायचं म्हणजे फुलबॅक (कडेचा बचावपटू) कधी वर जाणार, तो गेला की विंगर (कडेचा हल्लेखोर) आत कधी येणार, तिसरा माणूस पाठीमागून कधी पळणार. हे बघून-बघून, एकमेकांच्या सवयी लागून येतं. त्याला महिने जातात. म्हणूनच जगभर राष्ट्रीय संघ बचावात शहाणे आणि हल्ल्यात अडाणी दिसतात. ज्या देशांत हल्ला जमतो तिथे बहुधा एकाच क्लबातले चार-पाच जण राष्ट्रीय संघात असतात, सवय तिथली घेऊन येतात.

आपल्याकडे त्यात भर म्हणजे २०२५ला आयएसएल नेहमीच्या सप्टेंबरात सुरूच झाली नाही. वर मी "रविवारी क्लबसाठी खेळलाय" म्हटलं, प्रत्यक्षात उलटाच ताप: खेळाडू ताजे, पण सामन्याचा सराव नाही. अशा वेळी लांब शिबिर घेता येतं, पण शिबिरात नव्वद मिनिटांचे पाय तयार होत नाहीत. आणि काफा नेशन्स कपचे (मध्य आशियाई स्पर्धा; ताजिकिस्तान, इराण, अफगाणिस्तान, ओमान हे सामने त्यातलेच) पहिले सामने फिफाच्या खिडकीबाहेर पडल्याने मोहन बागानने खेळाडू सोडलेच नाहीत. नियमाने ते बरोबर, संघाच्या दृष्टीने घात.

---

डी_ते_प्रो

लायसन्सच्या पायऱ्या: डी, सी, बी, ए, प्रो. डी महासंघाचं, आपल्याकडे त्याचे कोर्स राज्य संघटना म्हणजे विफा भरवते, आठवड्याभरात उरकतात. सीपासून वर एएफसीची. दर दोन पायऱ्यांमध्ये प्रत्यक्ष संघासोबत काम केल्याचा काळ दाखवावा लागतो, त्यामुळे सुट्टीत एकामागोमाग एक उरकून टाकू असं होत नाही. प्रो हे वर्गात बसून संपत नाही, टप्प्याटप्प्याने चालतं. अव्वल लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक व्हायचं तर प्रो हवंच. खालिदकडे ते आधीपासून होतं म्हणून नूस गेल्यावर लगेच बाकावर बसता आलं. कागद तयार नसता तर ती संधी दुसऱ्या कुणाच्या पदरात पडली असती.

माजी खेळाडू नापास होतात ते जवळजवळ नेहमी प्रात्यक्षिकात. चिठ्ठीवर विषय येतो, समजा "मधल्या तिसऱ्या भागात चेंडू परत मिळवणे". वीस-पंचवीस मिनिटं, सोळा खेळाडू. होणाऱ्या चुका ठरलेल्या:

जागा फार मोठी आखतात. आठ विरुद्ध आठला साठ मीटर लांब मैदान दिलं की प्रेसिंग दिसतच नाही, सगळे नुसते पळतात. चाळीस बाय तीस पुरतं.

दर मिनिटाला खेळ थांबवतात. तीन मुद्दे निवडा, तेवढ्यांसाठीच थांबवा, थांबवलंत तर माणसं जागच्या जागी गोठली पाहिजेत, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा चालू.

स्वतः चेंडू घेऊन दाखवायला लागतात. चेंडू पायात आला की माजी खेळाडूला राहवत नाही. परीक्षक त्याचे गुण कापतो, कारण तुम्ही किती चांगले खेळता हे त्याला बघायचंच नसतं.

आणि चौथी चूक, ज्याच्या पासमुळे चेंडू गेला त्यालाच ओरडतात. खरी चूक बहुतेक वेळा दोन पास आधी, चेंडूपासून लांब असलेल्या माणसाच्या उभं राहण्यात असते. ते ज्याला दिसतं तो बी पार करतो.

---

कूपरेज_गेट

शेवटची ओळ भिंतीवर लावण्यासारखी. खालिद जे नॉर्थईस्टची सूत्रं हाती येताच करू शकला ते हेच होतं. फळ्यांमधलं अंतर कमी केलं.

एक भर: रायन विल्यम्स. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारतीय नागरिक झाला. आई मुंबईत जन्मलेली, आजोबा मुंबईकडून संतोष करंडक खेळलेले. ढाक्याच्या सामन्याआधी शिबिरात होता, पण ऑस्ट्रेलियाकडून लागणारे कागद वेळेत आले नाहीत म्हणून खेळू शकला नाही. सेकंडबॉल म्हणतात तो तिसरा माणूस, पाठीमागून पळणारा, तो हा होऊ शकतो. निदान त्याला ते शिकवावं लागणार नाही.

---

आकडेमोड

एका माणसाने सात सामन्यांत पाच गोल हे बदलेल?

---

सेकंडबॉल

एकट्याने नाही. पण तपासता येईल. गटातला हाँगकाँगविरुद्धचा मार्च २०२६चा घरचा सामना घ्या, निकालाने काही ठरणार नव्हतं, म्हणून तो बघायला उत्तम. गोल मोजू नका. पहिल्या वीस मिनिटांत एवढंच बघा: आपला फुलबॅक चेंडू घेऊन मध्यरेषा ओलांडतो तेव्हा त्याच्यापुढे पास द्यायला किती जण मोकळे आहेत. सिंगापूरविरुद्ध फातोर्ड्यात दुसऱ्या सत्रात बहुतेक वेळा एकच होता, तोही समोरच्याकडे पाठ करून. मग चेंडू परत मागे, तिथून लांब, आणि पुन्हा थ्रो-इनची वाट.

दोन दिसले तर शिबिरात काहीतरी शिजतंय. तीन दिसले तर मी स्वतः इथे येऊन वरचा अर्धा प्रतिसाद मागे घेईन.